विश्लेषण : सील नवे, तरी गळती जुनीच! पंपाच्या शाफ्टचा गुळगुळीतपणा का महत्त्वाचा?

रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी देण्याची घाई, हळद अजून जमिनीत आणि विहिरीवरचा पंप मोटार व पंपाच्या मधून ठिबकतो आहे. सेनगाव तालुक्यातील शेतकऱ्याला हे चित्र नवे नाही. मिस्त्री येतो, सील बदलतो, दोन दिवस सारे कोरडे राहते आणि मग पुन्हा थेंब सुरू होतात. ‘सील डुप्लिकेट निघाले’ असा निष्कर्ष काढून दुसरे सील आणले जाते. कधी तो निष्कर्ष खराही असतो. पण अनेकदा दोष सीलमध्ये नसून ते ज्या धातूवर बसते, त्या धातूच्या पृष्ठभागात असतो. हा पृष्ठभाग किती गुळगुळीत असावा, तो खराब कसा होतो आणि सील बदलताना काय पाहावे, याविषयी...

मेकॅनिकल सील नेमके काय करते?

मोनोब्लॉक पंपात मोटार आणि पंप एकाच शाफ्टवर असतात. शाफ्टच्या एका टोकाला पाणी फेकणारा इम्पेलर, तर दुसऱ्या बाजूला बेअरिंग आणि वाइंडिंग. फिरता शाफ्ट पंपाच्या पाणी भरलेल्या भागातून बाहेर येतो, तेथे फट ठेवावीच लागते. त्या फटीतून पाणी मोटारीकडे जाऊ नये, हे सीलचे काम.

पूर्वी येथे ग्लँड दोरी भरली जात असे. दोरी शाफ्टला आवळून धरते आणि थंड राहण्यासाठी तिला थोडे पाणी गळू द्यावे लागते. मेकॅनिकल सीलची रचना वेगळी आहे. त्यात दोन कडी समोरासमोर असतात. एक कडे शाफ्टबरोबर फिरते, दुसरे पंपाच्या बॉडीत स्थिर बसते. शेतीच्या पंपांत सहसा एक कडे कार्बनचे आणि दुसरे सिरॅमिकचे असते. पाण्यात माती-वाळू जास्त असेल, तेथे सिलिकॉन कार्बाइडसारखी अधिक कठीण कडी वापरतात. स्प्रिंग दोन्ही कडी एकमेकांवर दाबून ठेवते.

ही कडी पूर्ण कोरडी घासत नाहीत. त्यांच्यामध्ये पाण्याचा अत्यंत पातळ थर राहतो. त्याची जाडी एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. तोच थर कड्यांना वंगण पुरवतो आणि तो इतका पातळ असल्यामुळेच बाहेर थेंब दिसत नाही.

या कड्यांवर किती ताण येतो, त्याचा साधा हिशेब करता येतो. शेतीचा पंप मिनिटाला सुमारे २,८८० फेरे फिरतो. कड्याचा सरासरी व्यास ३५ मिलिमीटर धरला, तर एका फेऱ्यात सुमारे ११ सेंटिमीटर अंतर घासले जाते. वीज सलग आठ तास राहिली तर हे अंतर सुमारे १५० किलोमीटर होते. हिंगोलीहून नांदेड गाठून बराच पुढचा रस्ता, आणि तोही दररोज.

पाणी गळण्याच्या वाटा किती?

सीलमधून पाणी निसटण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत. पहिली, दोन कड्यांच्या मधून. दुसरी, फिरत्या कड्याचा रबर आणि शाफ्ट यांच्या मधून. तिसरी, स्थिर कड्याचा रबर आणि पंपाची बॉडी यांच्या मधून.

पहिल्या वाटेचा बंदोबस्त सील तयार करणारा कारखाना करतो. कड्यांचे पृष्ठभाग लॅपिंग करून सपाट केले जातात. हा सपाटपणा तपासण्यासाठी कड्यावर पारदर्शक, अचूक सपाट काच ठेवून एकरंगी प्रकाशात दिसणारे पट्टे मोजतात. हेलियमच्या प्रकाशात असा एक पट्टा म्हणजे ०.२९ मायक्रॉनचा फरक. चांगल्या सीलमध्ये दोन-तीन पट्ट्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे एक मायक्रॉनपेक्षाही कमी.

उरलेल्या दोन वाटांची गोष्ट वेगळी आहे. तेथे रबर सीलबरोबर नवे येते, पण ते ज्यावर टेकते तो धातू पंपाचा असतो आणि बहुधा जुना असतो. म्हणजे पाकिटातून आलेल्या सीलमध्ये काम अर्धेच असते. उरलेले अर्धे शाफ्ट आणि बॉडी यांनी पूर्ण करायचे असते. शाफ्टवर चर पडलेली असेल, तर कितीही महागडे सील त्यावर चढवा, पाणी रबराखालून वाट काढणारच.

‘फिनिश’ म्हणजे काय आणि ते मोजतात कसे?

डोळ्यांना आरशासारखा दिसणारा शाफ्टही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगर-दऱ्यांचा प्रदेश असतो. या उंचसखलपणाला पृष्ठभागाचा खडबडीतपणा म्हणतात. तो मोजण्याच्या यंत्राला हिऱ्याची अतिशय बारीक सुई असते. सुई पृष्ठभागावरून काही मिलिमीटर सरकते आणि चढउतारांची नोंद घेते. मध्यरेषेपासून या चढउतारांचे सरासरी अंतर म्हणजे ‘आरए’ मूल्य. ते मायक्रॉनमध्ये सांगतात. आकडा जितका लहान, तितका पृष्ठभाग गुळगुळीत.

आयटीआयमध्ये फिटर किंवा टर्नरचा अभ्यासक्रम केलेल्यांना हे वेगळ्या रूपात आठवेल. जुन्या ड्रॉइंगवर एक, दोन, तीन त्रिकोण काढलेले असत. त्रिकोण जास्त, तर काम बारीक. पुढे ‘एन’ क्रमांक आले. एन ७ म्हणजे १.६ मायक्रॉन, एन ६ म्हणजे ०.८ आणि एन ५ म्हणजे ०.४. प्रत्येक पायरीला आकडा निम्मा होतो.

कोणत्या कामातून साधारण किती फिनिश मिळते, याचा अंदाज असा :

- लेथवर टर्निंग : १.६ ते ६.३ मायक्रॉन
- ग्राइंडिंग : ०.२ ते १.६ मायक्रॉन
- लॅपिंग : ०.०५ ते ०.४ मायक्रॉन

लेथवरच्या कामात टूल प्रत्येक फेऱ्याला किती पुढे सरकते, म्हणजे ‘फीड’ किती आहे, यावर बरेच अवलंबून असते. टूलच्या टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर आणि फीड ०.२ मिलिमीटर असेल, तर गणिताने आरए सुमारे १.६ मायक्रॉन येतो. फीड निम्मी म्हणजे ०.१ केली, तर तो ०.४ पर्यंत, म्हणजे पावपटीवर उतरतो. प्रत्यक्षात लेथची थरथर आणि बोथट टूल यांमुळे आकडा याहून वाईट येतो. तरीही घाईत मोठी फीड लावून उतरवलेला शाफ्ट सीलला का मानवत नाही, हे यावरून कळते.

सीलखालच्या धातूला किती फिनिश हवे?

तेथे रबर स्थिर राहणार की सरकणार, यावर उत्तर ठरते. पेट्रोलियम आणि रसायन उद्योगातील पंपांच्या सीलसाठी ‘एपीआय ६८२’ हे मानक जगभर वापरले जाते. ते शेतीच्या पंपासाठी लिहिलेले नाही, पण त्यातील तत्त्व सगळीकडे लागू पडते. ओ-रिंग एका जागी स्थिर बसणार असेल, तर खालच्या पृष्ठभागाचा आरए जास्तीत जास्त १.६ मायक्रॉन. ओ-रिंग त्या पृष्ठभागावर पुढेमागे सरकणार असेल, तर जास्तीत जास्त ०.८ मायक्रॉन. हे ०.८ म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण नव्वदावा भाग.

ओ-रिंग सरकते, ती कार्बन झिजते म्हणून. कडे झिजत जाईल तशी स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि त्याच्यासोबत ओ-रिंगही शाफ्टवर किंचित पुढे जाते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर ती अडते. कडे पुढे येत नाही, दोन कड्यांमध्ये फट पडते आणि गळती पहिल्या वाटेने सुरू होते. मूळ दोष मात्र शाफ्टवर असतो.

याच मानकात आणखी एक साधी, पण वर्कशॉपमध्ये विसरली जाणारी गोष्ट आहे. ओ-रिंग ज्या कडेवरून आत सरकवायची, ती कड उतरती केलेली असावी. शाफ्टच्या पायरीची किंवा चावीच्या खाचेची धारदार कड रबर आत जातानाच कापते. बसवताना काही दिसत नाही आणि पंप सुरू झाल्यावर थेंब दिसू लागतो.

ओरखड्याची खोली महत्त्वाची की दिशा?

दोन्ही, पण दिशा अधिक. आरए हा सरासरीचा आकडा आहे. संपूर्ण शाफ्ट उत्तम असेल आणि त्यावर एकच लांब ओरखडा असेल, तर सुईच्या मोजणीत तो निसटूही शकतो. पाण्याला मात्र वाट काढायला तेवढा एक ओरखडा पुरतो.

शाफ्टभोवती बांगडीसारखा गोल गेलेला बारीक ओरखडा तुलनेने कमी घातक. तो रबराखाली सुरू होतो आणि रबराखालीच संपतो. शाफ्टच्या लांबीच्या दिशेने गेलेला ओरखडा म्हणजे पाण्यासाठी थेट पाट. रबराच्या अलीकडून पलीकडे तो सरळ पोहोचतो. तिसरा प्रकार नागमोडी, म्हणजे स्क्रूच्या आट्यासारखा. लेथवर टूल सरकत जाते, तेव्हा शाफ्टवर असा अतिसूक्ष्म आटा उमटतोच. तो खोल असेल तर पाणी त्याच्या कडेने फिरत बाहेर येऊ शकते. त्यामुळे टर्निंगनंतर ग्राइंडिंग किंवा निदान व्यवस्थित पॉलिश आवश्यक ठरते. ट्रॅक्टरच्या ऑइल सीलखालच्या शाफ्टलाही हाच नियम लागू आहे. तेथे हा आटा फिरत्या शाफ्टबरोबर तेलाला चक्क बाहेर खेचतो.

मग शाफ्ट जितका गुळगुळीत, तितका चांगला?

येथे सहज समज चुकतो. शेतीच्या मोनोब्लॉकमध्ये बहुतेक वेळा रबर बेलोचे सील असते. हा बेलो शाफ्टवर सरकत नाही, त्याला घट्ट पकडून त्याच्याबरोबर फिरतो. आरशासारख्या शाफ्टवर किंवा ग्रीस माखलेल्या शाफ्टवर त्याची पकड सुटते. मग शाफ्ट फिरतो आणि बेलो मागे राहतो. आतून रबराची काळी भुकटी निघते आणि शाफ्टवर चर पडते. त्यामुळे असे सील चढवताना ग्रीसऐवजी साबणाचे पाणी वापरण्याचा सल्ला दिला जातो. साबणाचे पाणी रबराला सरकायला मदत करते आणि नंतर निघून जाते.

कड्यांच्या बाबतीतही अति गुळगुळीतपणाची मर्यादा असते. दोन अत्यंत सपाट आणि चकचकीत पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, तर ते चिकटल्यासारखे बसतात. वर्कशॉपमध्ये मोजमापासाठी वापरले जाणारे स्लिप गेज असेच एकमेकांना धरून राहतात. सीलच्या कड्यांमध्ये पाण्याचा थर टिकायला हवा. म्हणून कठीण कडे चकचकीत आणि कार्बन किंचित निस्तेज ठेवण्याची पद्धत आहे. गरजेपुरते फिनिश, हा येथला खरा नियम.

चांगला शाफ्ट खराब होतो कसा?

पहिले कारण म्हणजे सीलच. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर असतो आणि तोच त्याला गंजण्यापासून वाचवतो. कंपनामुळे ओ-रिंग एकाच जागी सूक्ष्म हालचाल करत राहिली, तर हा थर घासला जातो. तो पुन्हा तयार होतो, पुन्हा घासला जातो. निघालेले कण रबरात रुततात आणि पॉलिश पेपरसारखे काम करतात. काही महिन्यांनी ओ-रिंगखाली बारीक चर दिसते. मऊ रबराने कठीण पोलाद कापले, असे दिसते ते यामुळे.

दुसरे कारण गंज. हंगाम संपला की पंप कित्येक आठवडे बंद पडून राहतो. साध्या पोलादाचा शाफ्ट असेल तर रबराच्या कडेशी साचलेल्या ओलाव्यात खड्डे पडतात. बीडाच्या बॉडीत स्थिर कडे बसण्याची जागाही अशीच गंजते. त्या गंजावर नवे सिरॅमिक बसवले तर ते तिरके बसते. मग फिरते कडे प्रत्येक फेऱ्याला मागेपुढे डोलते, मिनिटाला २,८८० वेळा.

तिसरे कारण क्षार. कठीण पाणी सीलच्या उष्ण भागाशी सुकते आणि पांढरा थर धरते. ओ-रिंगला त्या थरावरून सरकता येत नाही.

चौथे कारण माणसाचे हात. अडकलेले सील काढताना पेचकस शाफ्टवर टेकवून उचकणे, हातोडीने ठोकणे आणि शेवटी पॉलिश पेपर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे घासणे. शाफ्ट चकाकतो, पण त्यावर पाण्याचे शेकडो बारीक पाट तयार झालेले असतात.

सेनगावसारख्या भागात हा प्रश्न अधिक का भेडसावतो?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील हा तालुका. कयाधू नदी येथून वाहते, पूर्णेवरचे येलदरी धरण जवळ आहे, तरीही बराच भाग विहिरींवर आणि पावसावर अवलंबून आहे. बेसाल्ट खडकातल्या विहिरींचे पाणी हिवाळ्याच्या अखेरीस खाली जाते. पाणी खाली गेले की पंपाचे काम अवघड होते आणि सीलचेही.

पंप विहिरीच्या काठावर किंवा टप्प्यावर बसवलेला असतो आणि पाणी खालून ओढतो. पंप बंद असताना फूटव्हॉल्व्हने धरलेला पाण्याचा स्तंभ खाली ओढ देत असतो. अशा वेळी सीलजवळ शाफ्टवर चर असेल, तर त्याच वाटेने हवा आत शिरते. पाणी उतरते आणि पुढच्या वेळी पंप सुरू केला की तो पाणी उचलत नाही. शेतकरी फूटव्हॉल्व्हला दोष देतो, तो बदलतोही. दोष मात्र सीलखाली लपलेला असतो. शेतीची वीज दिवसा आणि रात्री आळीपाळीने येत असेल, तर मध्यरात्री पंपात पुन्हा पाणी भरत बसणे म्हणजे हातची वीज वाया जाणे.

विहीर तळाला गेली आणि पंप कोरडा फिरला, तर धोका आणखी मोठा. कड्यांमधला पाण्याचा थर नाहीसा होतो आणि काही वेळातच ती तापतात. तेवढ्यात पाणी आले, तर तापलेल्या सिरॅमिकला एकदम थंडावा बसून ते तडकते. शाफ्टवरचे रबरही कडक होऊन चिकटते.

एका सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर आठ तासांत २८,८०० थेंब होतात. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर हे पाणी दीड लिटरही भरत नाही. विहिरीला त्याचा काही फरक पडत नाही. पण हे पाणी शाफ्टवरून बेअरिंगकडे जाते. ग्रीस धुतले जाते, बेअरिंग गंजते, आवाज करू लागते, शाफ्ट थरथरतो आणि त्या थरथरीने उरलेसुरले सीलही जाते. पाणी वाइंडिंगपर्यंत पोहोचले तर मोटार जळते. सीलचा खर्च शेकड्यांत असतो, रिवाइंडिंगचा हजारांत. ऐन हळदीच्या पाळीत मोटार चार दिवस दुकानात पडून राहण्याची किंमत वेगळीच. तेल भरलेल्या सबमर्सिबल मोटारीत तर सील गेल्याचे बाहेरून दिसतही नाही. पाणी थेट मोटारीत शिरते.

याच जिल्ह्यातील ‘लायगो’शी याचा काय संबंध?

हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यात प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील आणि लेसरचा किरण त्यांतील निर्वात नळ्यांमधून धावेल.

अमेरिकेतील ‘लायगो’ वेधशाळांच्या नळ्यांमधला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागाइतका कमी असतो. तेथे प्रश्न विहिरीवरच्या पंपासारखाच आहे, फक्त पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत येऊ द्यायची नाही. मोठ्या दरवाजांना तेथेही ओ-रिंगच असते. ती दुहेरी बसवतात आणि दोन रिंगांमधल्या पोकळीतली हवा पंपाने उपसून घेतात. इतर अनेक जोडांत पोलादाची धारदार कड तांब्याच्या चकतीत रुतते आणि जोड बंद होतो. ओ-रिंगला आडवा छेदून जाणारा किंवा त्या धारेवरचा एखादा ओरखडा गळतीला पुरेसा ठरतो. म्हणून असे भाग हाताळताना त्या पृष्ठभागांना झाकण घालून जपतात.

अब्जावधींची वेधशाळा आणि पाच अश्वशक्तीचा पंप यांच्या अचूकतेत तुलना नाही. नियम मात्र एकच आहे. रबर असो वा तांबे, ते समोरच्या धातूइतकेच पाणी किंवा हवा अडवते.

सील बदलताना काय पाहावे?

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. नीट डोळे, नख आणि थोडा कापूस पुरे.

- जुने सील काढल्यावर शाफ्ट पुसून उजेडात पाहावा. रबर बसत होते त्या जागी चर, काळपट पट्टा किंवा खड्डे आहेत का?

- नख शाफ्टवरून लांबीच्या दिशेने हळूच फिरवावे. कुठे अडकले, तर तेथे चर आहे. मग गोल फिरवून पाहावे. या वेळी अडकले, तर लांबीच्या दिशेचा ओरखडा आहे आणि तो अधिक गंभीर.

- कापसाचा बोळा शाफ्टवरून आणि खाचेच्या कडांवरून फिरवावा. तंतू अडकून राहिले, तर तेथे धार आहे. ती काढल्याशिवाय रबर चढवू नये.

- बॉडीतील स्थिर कड्याची जागा गंज आणि जुन्या रबराच्या तुकड्यांपासून पूर्ण साफ करावी. कडे हाताने सारखे दाबून बसवावे, ठोकू नये.

- पॉलिश करायचे असेल, तर शाफ्ट लेथवर फिरता ठेवून बारीक पेपरची पट्टी धरावी, म्हणजे खुणा गोल उमटतील. हाताने लांबीच्या दिशेने घासू नये.

- दोन्ही कडी एकत्रच बदलावीत. नवा कार्बन जुन्या सिरॅमिकच्या झिजलेल्या चाकोरीत नीट बसत नाही. कार्बन काचेवर पेस्ट लावून घासण्याची युक्तीही टाळावी. पेस्टमधले कण कार्बनमध्ये रुततात आणि समोरचे कडे कापतात.

- कड्यांच्या घासणाऱ्या बाजूला बोट लावू नये. स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावे.

- शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहावा. बेअरिंगमध्ये खेळ असेल, तर आधी बेअरिंग. डोलणाऱ्या शाफ्टवर कोणतेही फिनिश कामाला येत नाही.

चर पडलेला शाफ्ट फेकून द्यायचा का?

नेहमीच नाही. काही पंपांत शाफ्टवर सीलखाली वेगळी स्लीव्ह असते. ती झिजण्यासाठीच असते. अशा पंपात स्लीव्ह बदलली की काम झाले, आणि हा सर्वांत स्वस्त मार्ग.

स्लीव्ह नसेल आणि ओरखडा वरवरचा असेल, तर लेथवर पॉलिश करून भागते. पण त्यानंतर मायक्रोमीटरने व्यास मोजायला हवा. ‘थोडा कट मारून साफ करतो’ म्हणत शाफ्ट बारीक केला, तर दिसायला तो नवा होतो, पण २५ मिलिमीटरसाठी बनवलेला बेलो त्यावर सैल बसतो. चर गेली आणि पकडही गेली. खोल चरेसाठी ती जागा भरून किंवा हार्ड क्रोम चढवून पुन्हा मूळ मापाला ग्राइंडिंग करावे लागते. नुसते क्रोम चढवून उपयोग नाही, कारण ते खालच्या खाचखळग्यांसकट चढते. ही सोय जवळ नसेल किंवा खर्च जास्त होत असेल, तर लहान पंपाचा शाफ्ट बदलणेच परवडते.

वर्कशॉपवाल्याला सांगताना ‘गुळगुळीत करा’ एवढे पुरेसे नाही. सीलच्या जागेचे माप मूळच ठेवा, टर्निंगनंतर ग्राइंडिंग करा, कड उतरती करा, या तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. ओ-रिंगचे सील असेल तर ०.८ मायक्रॉन, म्हणजे एन ६, हा आकडाही सांगता येतो. शिकलेल्या टर्नरला तो लगेच कळतो.

आणि एकाच पंपाचे सील एका हंगामात दोनदा गेले, तर तिसरे आणण्यापूर्वी शाफ्ट उघडून पाहावा. नव्या सीलला जुन्या चरेवर बसवणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडण्यासारखे. पाणी कितीही सोडले, तरी ते सरीपर्यंत पोहोचत नाही.